हर्शलचा आरसा

युरेनस ग्रह विल्यम हर्शलने १७८१ साली शोधला, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. पण त्यात एक गोष्ट सहसा येत नाही. हर्शलच्या आधी हा ग्रह कितीतरी वेळा पाहिला गेला होता. इंग्लंडच्या जॉन फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये त्याची नोंद केली, पण तारा म्हणून. फ्रान्सच्या पिएर लमोनिएने तर किमान डझनभर वेळा तो टिपला. तोही तारा म्हणूनच. दोघे साधेसुधे नव्हते, आपापल्या देशातले नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. सरकारी पदं, मोठी उपकरणं, सगळं त्यांच्याकडे होतं.

मग बाथ शहरातल्या एका संगीत मास्तरला, घरामागच्या छोट्या बागेत उभं राहून, स्वतःच्या हाताने बनवलेल्या दुर्बिणीतून जे दिसलं ते या लोकांना का दिसलं नाही? नशीब म्हणून सोडून देता येईल. खुद्द हर्शलला ते मान्य नव्हतं, आणि त्याची जिंदगी बघितली की आपल्यालाही पटत नाही.

हर्शल मूळचा इंग्रज नव्हे. जन्म जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, १५ नोव्हेंबर १७३८. वडील आयझॅक लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे; हे आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. घरात मुलं बरीच, पैसा बेताचा. मात्र रात्री उशिरापर्यंत संगीत आणि विज्ञान यांवर बापलेकांचे वाद रंगत. विल्यम चौदाव्या वर्षी वडिलांच्याच बँडमध्ये लागला. १७५७ साली फ्रेंच फौजांनी हॅनोव्हरच्या सैन्याला हास्टेनबेकच्या लढाईत हरवलं, शहर शत्रूच्या ताब्यात गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस विल्यम भावाबरोबर इंग्लंडला आला. वय एकोणीस, खिसा रिकामा. लंडनमध्ये दुसऱ्यांच्या संगीताच्या प्रती हाताने उतरवून देऊन पोट भरायचं, हे पहिलं काम.

पुढची काही वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या गावोगावी गेली. कुठे बँड शिकव, कुठे वाद्यवृंद चालव. या काळात त्याने २४ सिंफनी लिहिल्या. १७६६ मध्ये बाथ या श्रीमंतांच्या शहरात ऑक्टॅगन चॅपलचा ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली आणि बस्तान बसलं. दिवसभर शिकवण्या, संध्याकाळी मैफली. आपल्याकडच्या कुणालाही हेवा वाटावा असा जम. पण माणूस रात्री अंथरुणात पुस्तकं घेऊन बसायचा. रॉबर्ट स्मिथ नावाच्या विद्वानाचं संगीतातल्या स्वरमेळावरचं पुस्तक त्याने वाचलं. त्याच लेखकाचं प्रकाशशास्त्रावरही जाडजूड पुस्तक होतं, तेही हाती आलं. स्वरावरून गाडी प्रकाशाकडे वळली ती अशी.

इथे कॅरोलिनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती विल्यमची बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. लहानपणी टायफसचा ताप आला आणि उंची सव्वाचार फुटांवरच थांबली. तिचं लग्न होणार नाही असं घरच्यांनी धरून टाकलं, आणि आईने तिला घरकामाला जुंपलं. १७७२ मध्ये विल्यम स्वतः हॅनोव्हरला जाऊन तिला घेऊन आला. आई सहजासहजी सोडेना, तेव्हा तिच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून त्याने आईला दरवर्षी ठराविक रक्कम देण्याचं कबूल केलं. बाथमध्ये कॅरोलिन गाणं शिकली, मंचावर गायली, नावही होऊ लागलं. तेवढ्यात भावाला आकाशाचं वेड लागलं.

१७७३ च्या मे महिन्यात विल्यमने खगोलशास्त्राचं एक पुस्तक विकत घेतलं. आधी भिंगांच्या दुर्बिणी करून पाहिल्या. त्या काळी चांगलं चित्र हवं तर नळी फार लांब ठेवावी लागे; ती वाकायची, सांभाळता यायची नाही. मग भाड्याने एक छोटी आरशाची दुर्बीण आणली. ती आवडली, पण मोठी घ्यायची तर किंमत आवाक्याबाहेर. गावातच एक क्वेकर पंथाचा माणूस होता, आरसे घासायचा नाद होता त्याला, आता सोडलेला. त्याचं सगळं सामान, अर्धवट आरशांसकट, विल्यमने विकत घेतलं. थोड्याच दिवसांत घराचा कारखाना झाला. बसायच्या खोलीत सुतार नळ्या आणि घोड्या बनवतोय, झोपायच्या खोलीत भाऊ अलेक्झांडरने लेथ मांडलाय. कॅरोलिनच्या जिवाला काय वाटलं असेल ते घर चालवणाऱ्या बायकांना सांगायला नको.

तेव्हाचा आरसा काचेचा नसायचा. काचेवर चांदी चढवून दुर्बिणीचा आरसा करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. हर्शलच्या काळी तांबं आणि कथील, साधारण दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश, एकत्र वितळवून ओतलेली पांढुरकी धातू असायची. काचेसारखी ठिसूळ, थंड होताना सहज तडकणारी. ती आधी घासून खोलगट करायची, मग मऊ राळेच्या थरावर बारीक भुकटी आणि पाणी लावून पॉलिश करायची. शेवटच्या टप्प्यात हात थांबला तर आकार बिघडतो. एकदा विल्यमने सोळा तास आरशावरून हात काढला नाही. कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत होती आणि मधून मधून वाचून दाखवत होती. तिने वाचलेल्या पुस्तकांची नावं तिच्या आठवणींत आहेत, आणि त्यांत डॉन किहोतेबरोबर आपली अलिफ लैलाही आहे. बगदादच्या किस्स्यांवर इंग्लंडमधला आरसा पॉलिश झाला, हे मला तरी फार आवडतं.

हे आरसे त्याने किती केले? सात फुटी दुर्बिणीसाठी २००, दहा फुटीसाठी १५० आणि वीस फुटीसाठी सुमारे ८०, असा त्याचाच हिशोब आहे. फूट म्हणजे इथे नळीची लांबी, आरशाची रुंदी नव्हे. एवढे आरसे विकायला नव्हते. बहुतेक फसलेले किंवा बरे जमलेले. त्यातून उत्तम तो निवडायचा. नळीत बसवायचा, ताऱ्याकडे धरायचा, ठिपका गोल आणि बारीक दिसतो का बघायचं, नाही तर पुन्हा राळेवर.

आता ही गोष्ट जरा खोलात जाऊन समजून घेऊ, कारण सगळा खेळ इथेच आहे.

दुर्बिणीच्या तळाशी जो खोलगट आरसा असतो त्याचा आकार वाटीसारखा पूर्ण गोलाकार चालत नाही, पॅराबोला लागतो. कारण गोल आरशाच्या कडेवर पडलेले किरण आणि मधोमध पडलेले किरण एका जागी भेटत नाहीत. पॅराबोलाच्या आरशावर अक्षाला समांतर आलेले सगळे किरण मात्र एकाच बिंदूत जमतात. ही गोष्ट ग्रीक गणितज्ञांना माहीत होती. पण अकराव्या शतकात बसऱ्याहून कैरोला गेलेल्या इब्न अल-हैसम यांनी पॅराबोलाच्या दाहक आरशांवर स्वतंत्र रिसाला लिहून ती भूमितीने नीट सिद्ध केली. त्यांच्या किताब अल-मनाजिर या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर १५७२ मध्ये बाझेल शहरात छापलं गेलं, आणि केपलरसारख्यांनी प्रकाशाचा विचार सुरू केला तो त्यावरून. हर्शलने इब्न अल-हैसम वाचले होते असं मी म्हणत नाही. पण स्मिथच्या पुस्तकापर्यंत जी वाट येते, ती कैरोवरून येते.

यातले दोन शब्द लक्षात ठेवायचे: अक्षाला समांतर. आरसा लाख चांगला घासला, पण नळीत किंचित तिरका बसला, तर तारा आरशाच्या अक्षावर राहत नाही. किरण एका बिंदूत न जमता एका बाजूला फाकतात. ताऱ्याला शेपटी फुटते, शनीच्या कड्यातली फट भरून जाते, गुरूवरचे पट्टे धुऊन निघाल्यासारखे दिसतात. घरच्या डिश अँटेनाचा अनुभव घ्या. तीही पॅराबोलाच आहे. वाऱ्याने जराशी हलली की टीव्हीवर चित्र फुटतं. छत्री तीच, उपग्रह तोच, फक्त तोंड फिरलं.

न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत दोन आरसे असतात. तळाचा मोठा, खोलगट. आणि वरच्या तोंडाजवळ एक छोटा सपाट आरसा, ४५ अंशांत, जो प्रकाश बाजूला वळवून डोळ्याच्या भिंगाकडे, म्हणजे आयपीसकडे पाठवतो. हे तिन्ही एका रेषेत जुळवण्याला आज कोलिमेशन म्हणतात. आधी आयपीस काढून नळकांड्यातून बघायचं: छोटा आरसा मधोमध आहे का, त्यात मोठा आरसा पूर्ण दिसतो का. मग मोठ्या आरशाच्या मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. शेवटची परीक्षा ताऱ्यावर. तेजस्वी तारा मधोमध आणून फोकस जरासा बिघडवायचा, म्हणजे ठिपक्याची चकती होते, तिच्यात एकात एक कडी दिसतात आणि मध्ये छोट्या आरशाची काळी सावली. सावली बरोबर मध्यावर हवी. सरकलेली असेल तर एक स्क्रू अगदी किंचित फिरवायचा, तारा पुन्हा मधोमध आणायचा, पुन्हा बघायचं. घाई केली की बिघडतं. आपल्याकडे ध्रुवतारा यासाठी सोयीचा: तो जागचा फारसा हलत नाही. मुंबईहून क्षितिजावर तो १९ अंशांवरच असतो, त्यामुळे उत्तरेला इमारत नसलेली गच्ची मात्र शोधावी लागते.

आजकाल कॉलेजची पोरं दुर्बिणीला छोटा कॅमेरा लावून गुरू-शनीचे व्हिडिओ घेतात आणि त्यातल्या हजारो चित्रांतून एक स्वच्छ चित्र तयार करतात. मुश्तरी आणि जुहल ही घरातली जुनी नावं ऐकून त्यांना ग्रह कळायचे. आता मोबाईलवर दिसतात. पण आरसा तिरका असेल तर हजार चित्रं जोडली तरी धुकट ते धुकटच राहतं. कॉम्प्युटर तिथे फारसं काही करू शकत नाही. आणि आजच्या आखूड नळीच्या दुर्बिणी यात फार नाजूक. हर्शलच्या सात फुटी नळीत आरसा होता ६.२ इंचांचा, म्हणजे लांबी रुंदीच्या तेरापट. एवढ्या लांब नळीत थोडी चूक खपून जाते. बाजारात मिळणाऱ्या पाचपट लांबीच्या नळीत ती खपत नाही.

बाथकडे परत येऊ. १७७९ च्या डिसेंबरमध्ये हर्शल घरासमोरच्या रस्त्यावर दुर्बीण मांडून चंद्र बघत होता. बागेतून चंद्र दिसत नव्हता म्हणून. येणारे-जाणारे बघत असतील, हसतही असतील. एक गृहस्थ थांबला आणि मला बघू देता का म्हणून विचारलं. बघितलं आणि चाटच पडला. तो होता विल्यम वॉटसन, रॉयल सोसायटीचा सदस्य. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आभार मानायला घरी आला. पुढे हर्शलचं नाव लंडनपर्यंत नेलं ते यानेच. रस्त्यावर दुर्बीण लावायला हर्शलला लाज वाटली असती तर?

१३ मार्च १७८१, रात्री दहा-अकराच्या दरम्यान. न्यू किंग स्ट्रीटवरचं १९ नंबरचं घर, मागची बाग. हर्शल वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेवरचे तारे एकेक करून तपासत होता. त्याचं काम होतं जोडतारे शोधायचं, आणि त्यासाठी प्रत्येक तारा मोठा करून बघावा लागे. एक ठिपका इतरांपेक्षा मोठा वाटला. त्याने २२७ पट मोठं करणारं आयपीस काढून ४६० चं लावलं, मग ९३२ चं. इथे थांबून बघा. तारा कितीही मोठा करा, तो त्या प्रमाणात मोठा होत नाही, ठिपकाच राहतो. हा ठिपका मात्र त्याच प्रमाणात वाढत गेला. म्हणजे त्याला अंग होतं, चकती होती. ९३२ पट मोठं करून चित्र टिकायचं तर आरसा किती काटेकोर घासलेला आणि किती सरळ बसलेला असावा लागेल? आजही सहा इंची आरशावर एवढं मोठं करायला शहाणा माणूस धजत नाही. तीनशेच्या आसपास थांबतो.

हर्शलला तो धूमकेतू वाटला. त्याने तसं कळवलं. ग्रिनिचच्या राजवेधशाळेचे नेव्हिल मॅस्केलिन यांना आधी तर तो शेजारच्या ताऱ्यांतून ओळखूच येईना. हलला तेव्हा ओळखला. पुढच्या महिन्यांत लेक्सेल आणि इतर गणितज्ञांनी कक्षा मांडली तर ती जवळजवळ गोल निघाली, शनीच्याही पलीकडची. ग्रहच होता. माणसाला माहीत असलेल्या सूर्यमालेची रुंदी एका झटक्यात दुप्पट झाली. हर्शलने त्याला राजा जॉर्जचं नाव दिलं, ते इंग्लंडबाहेर कुणी घेतलं नाही. युरेनस हे नाव जर्मनीच्या बोडेने सुचवलं.

मानमरातब मिळाला, कोप्ली पदक मिळालं. पण त्याबरोबर कुजबुजही सुरू झाली. हा कोण गावाकडचा संगीत मास्तर? हजारो पट मोठं करतो म्हणतो, एका ठिकाणी तर ६४५० चा आकडा लिहितो! लंडनमधल्या नावाजलेल्या कारागिरांच्या दुर्बिणींत एवढं होत नाही, मग याच्यात कसं? खोटं बोलतो किंवा भ्रम झालाय, असं म्हणणारे होते. हर्शलसाठी हा इज्जतीचा प्रश्न होता. शोध त्याच्या हातून गेला नसता, पण नशिबाने सापडला हा शिक्का कायमचा बसला असता. त्याचं म्हणणं साधं होतं: बघणं ही शिकून येणारी गोष्ट आहे, वाजवण्यासारखीच, रोज रियाज केला की डोळा तयार होतो. आणि तो आकाशाचा कोपरान् कोपरा क्रमाने तपासत होता, तेव्हा त्या रात्री नाही तर पुढच्या एखाद्या रात्री हा ग्रह त्याच्यासमोर आलाच असता.

निकाल लागला १७८२ च्या उन्हाळ्यात. हर्शलने आपली सात फुटी दुर्बीण पेटीत घालून ग्रिनिचला नेली. तिथे मॅस्केलिनच्या दुर्बिणींशी शेजारी शेजारी ठेवून तुलना झाली. जे जोडतारे वेधशाळेच्या दुर्बिणीत एक दिसत होते, ते हर्शलच्या दुर्बिणीत स्पष्ट दोन दिसले. मॅस्केलिननी दिलखुलासपणे मान्य केलं, आणि हर्शलच्या नमुन्याची घोडी आपल्यालाही करून घ्यायचं ठरवलं. नंतर विंडसरला राजवाड्यात दुर्बीण गेली. राजाने वर्षाला २०० पौंड तनखा बांधून दिला. संगीतातून तो याहून जास्त कमवत होता. तरी संगीत सोडलं. कॅरोलिनचं गाणंही तिथेच थांबलं. तिला कुणी विचारलं नाही, हे तिच्या आठवणींवरून कळतं. रात्री दुर्बिणीपासून जवळ दिवा लावून भाऊ ओरडून सांगेल ते आकडे उतरवणं, दिवसा त्यांच्या स्वच्छ प्रती काढणं, हे तिचं काम झालं. वेळ मिळेल तेव्हा तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिलाही राजाकडून ५० पौंड मिळू लागले, तिच्या हक्काची पहिली कमाई.

धातूचा आरसा प्रकाश फार खातो. दोन आरसे म्हणजे दोनदा मार. म्हणून १७८६ पासून हर्शलने आपल्या वीस फुटी दुर्बिणीतला छोटा आरसा काढूनच टाकला. मोठा आरसा मुद्दाम किंचित तिरका केला, म्हणजे प्रतिमा नळीच्या तोंडाच्या काठाशी येते, आणि तिथे वाकून आयपीसमधून बघायचं. आत्ताच वर म्हटलं की आरसा तिरका नको, आणि हा तर मुद्दाम तिरका करतोय! पण किती तिरका केला की किती बिघडतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लांब नळीत तेवढं खपतं, आणि बदल्यात प्रकाश मिळतो. ११ जानेवारी १७८७ च्या रात्री युरेनसचे दोन चंद्र सापडले, टायटॅनिया आणि ओबेरॉन, ते याच तऱ्हेने.

त्याच युरेनसभोवती त्याला वलयाचा संशय आला. शनीसारखं कडं आहे असं वाटायचं, त्याने चित्रही काढलं. जगाला सांगून टाकलं असतं तर दुसऱ्यांदा नाव झालं असतं. पण हर्शलने आधी आरशावर संशय घेतला. आरसा त्याच्या जागी नव्वद अंश फिरवला. दोष आरशाचा असेल तर तो आरशाबरोबर फिरेल. आकाशातलं असेल तर जागेवर राहील. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. वर्षं गेली. १७९२ च्या मार्चमध्ये नव्याने पॉलिश केलेला, उत्तम आकाराचा आरसा लावला, तेव्हा ग्रह काठाकाठाने स्वच्छ दिसला आणि वलयाचा मागमूस नव्हता. त्याने तसं छापून टाकलं: वलय नाही. युरेनसला कडी खरंच आहेत, पण ती १९७७ साली सापडली आणि हर्शलच्या दुर्बिणीत दिसण्याच्या लायकीची नाहीत, इतकी काळी आणि बारीक आहेत. त्यामुळे त्याचं नाकारणं योग्यच होतं. त्याच लेखात मात्र त्याने युरेनसचे आणखी चार चंद्र जाहीर केले, ते चुकीचे निघाले. १८०५ मध्ये शनी चौकोनी खांद्यांचा दिसतो म्हणाला, तेही चूक. सूर्यावर वस्ती असावी असंही त्याचं मत होतं. मोठी माणसं सगळीकडेच मोठी नसतात.

मंगळावर त्याचं काम पक्कं होतं. ध्रुवांवरचे पांढरे ठिपके वर्षानुवर्षं बघून ते ऋतूप्रमाणे लहान-मोठे होतात हे त्याने दाखवलं, आणि मंगळाच्या दिवसाचं माप आजच्या मापापासून दोनच मिनिटं दूर काढलं.

मग आली चाळीस फुटी दुर्बीण. राजाने ४००० पौंड दिले. चार फूट रुंदीचा आरसा. याआधी १७८१ मध्ये बाथच्या तळघरात तीन फुटी आरसा ओतायचा प्रयत्न झाला होता. साचा घोड्याच्या लिदीचा, कॅरोलिननेही ती खलबत्त्यात कुटून चाळली होती. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी वितळलेली धातू गळून जमिनीवर पसरली, दगडी फरशा फटाफट फुटून छतापर्यंत उडाल्या आणि सगळे जीव घेऊन पळाले. स्लाऊ गावी चाळीस फुटीचं काम सुरू झालं ते हे सगळं पचवून. तिथलाही पहिला आरसा पातळ निघाला, मध्ये झोळ येऊ लागला. दुसरा ओतला, जवळजवळ हजार किलोचा. १७८९ च्या २८ ऑगस्टला शनीचा एक नवा चंद्र, १७ सप्टेंबरला आणखी एक: एन्सेलेडस आणि मायमस. लांबून लोक बघायला यायचे. नळी जमिनीवर आडवी असताना खुद्द राजा पाहुण्यांना तिच्यातून चालवत घेऊन गेला होता.

खरं सांगायचं तर ही दुर्बीण फसली. हजार किलोचा आरसा नळी तिरकी झाली की स्वतःच्या वजनाने आकार बदलतो. दव बसतं. हवेने काळवंडतो, मग पुन्हा पॉलिश, म्हणजे आठवड्यांचं काम. तयार करायला इतका वेळ जायचा की चांगली रात्र निघून जायची. हर्शल शांतपणे आपल्या वीस फुटीकडे वळायचा. त्याचं बहुतेक मोठं काम त्या १८.७ इंची आरशाने केलेलं आहे. आपल्यातही नवी दुर्बीण घेताना पहिला प्रश्न असतो, केवढी मोठी? दुकानदारालाही तोच प्रश्न आवडतो.

आकार आणि बसवणं याखेरीज तिसरा दुश्मन त्याने ओळखला होता, तो म्हणजे उष्णता. ९ नोव्हेंबर १८०२ रोजी बुध सूर्यबिंबावरून गेला, त्या निरीक्षणाबरोबर १८०३ मध्ये त्याने एक लेख छापला: आरसे कधी कधी नीट काम का करत नाहीत. जुन्या वह्या काढून त्याने रात्रीमागून रात्री तपासल्या. घरातल्या उबेतून बाहेर थंडीत आणलेला आरसा आधी बिघडलेलंच चित्र देतो. हवेचा उकाडा-गारठा झपाट्याने बदलत असेल तर आरसा मागे पडतो आणि त्याचा आकार तात्पुरता बदलतो. ओलसर, शांत हवा उलट चांगली. सूर्याकडे धरलेल्या आरशावर ऊन पडलं की फोकसच सरकतो. आज दुर्बीण वापरणारा प्रत्येक जण तासभर आधी ती गच्चीवर ठेवतो, निवू देतो. जुळवणी त्यानंतरच करायची, नाही तर गरम आरशावर केलेली मेहनत वाया.

१७८८ मध्ये त्याने मेरी पिट या विधवेशी लग्न केलं. कॅरोलिन भावाचं घर सोडून वेगळी राहायला गेली, त्या वर्षांची रोजनिशी तिने नंतर नष्ट केली. १७९२ मध्ये मुलगा जॉन झाला. भाचरू आणि आत्या यांचं मात्र फार जमलं. हर्शलने विकण्यासाठीही शेकडो दुर्बिणी आणि आरसे बनवले, कारण तनख्यात भागत नव्हतं. स्पेनच्या राजासाठी केलेली पंचवीस फुटी दुर्बीण १८०२ मध्ये माद्रिदला पोहोचली आणि १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांच्या हातून नष्ट झाली.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाऊमध्ये हर्शल वारला. त्र्याऐंशी वर्षं नऊ महिने. युरेनस सूर्याभोवती एक फेरी चौऱ्याऐंशी वर्षांत करतो. कॅरोलिन हॅनोव्हरला परतली आणि तिथे १८४८ पर्यंत, सत्त्याण्णव वर्षांची होईपर्यंत जगली.

चाळीस फुटी दुर्बिणीची लाकडी घोडी कुजत चालली होती. जॉन स्वतः मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला होता, आणि त्या दिवसांत तो फोटोग्राफीच्या नव्या विद्येत बुडाला होता. १८३९ च्या सप्टेंबरमध्ये त्याने काचेच्या पट्टीवर एक चित्र उमटवलं, काचेवरच्या सगळ्यात जुन्या फोटोंपैकी एक. फोटो बापाच्या दुर्बिणीच्या घोडीचा होता. वर्षाच्या शेवटच्या रात्री सगळं कुटुंब त्या नळीत जाऊन बसलं आणि तिच्यासाठी जॉनने रचलेलं गाणं गायलं. नळीचा एक तुकडा आज ग्रिनिचला आहे.